निळा जावई, तपकिरी सून

दम्याच्या औषदातलं मला जेवडं कळतं, तेवडं लोनावळ्यातल्या एकाबी डाक्टरला कळत न्हाई. फकस्त कुटल्या डबीत कुटलं औषद हाय ते मला बायकूला विचारावं लागतं, कारन मला वाचता येत न्हाई.

शाळंत मी गेलतो, न्हाई असं न्हाई. दोनदा गेलतो. एकदा पाऊस आला म्हनून वळचनीला हुबा ऱ्हायलो, आन् एकदा मास्तरांच्या आंब्यावर दगड मारला म्हनून धरून नेला.

मंग एवडं शानपन आलं कुटनं? आमच्या बाईंकडनं. तुंगार्लीत तळ्याच्या वरल्या अंगाला बाईंचा बंगला व्हता. बंगला म्हंजे दोन खोल्या, एक व्हरांडा आन् भवतीनं बाग. मी तितला माळी. आता मी वडिवळ्याचा मानूस, भाताशिवाय काय लावलेलं न्हाई. बाईंनी पैल्या दिवशी गुलाबाची रोपं दिली, ती मी चांगला चिखल करून गुडघाभर पान्यात लावली. बाई व्हरांड्यातनं बगत व्हत्या. म्हनाल्या, "छान. आता याचा तांदूळ कधी निघतो ते सांग."

बाई पुन्याला मोठ्या दवाखान्यात औषदं द्यायच्या खिडकीमागं बसायच्या. सारा जलम त्याच खिडकीत गेला. सात वर्सांच्या असल्यापासनं त्यांना सोताला दमा. मी एकदा धीर करून इचारलं, "बाई, तुमी लगीन का न्हाई केलं?"

बाई म्हनाल्या, "बघायला येणारा प्रत्येक जण सिगारेट ओढायचा रे."

आता त्या पुन्यात भाचीकडं ऱ्हायला गेल्यात. लोनावळ्याचा ओलावा सोसंना. पन हितं असताना त्यांनी जो उच्छाद मांडलता, त्यो सांगायलाच पायजे.

बाईंकडं एक नळी व्हती. चुलीच्या फुकनीसारकीच, पन प्लाष्टिकची. तिच्यावर आकडे आन् एक काटा. पोटभर श्वास घ्यायचा, ओठ घट लावायचे आन् एका दमात फुकायचं, का काटा पुडं सरकतो. जेवडा सरकंल तेवडी तुमची छाती मोकळी. बाईंच्या दारात जो येईल त्याला आदी फुकाय लागायचं. चा मागनं. दूधवाला फुकायचा, लाइटचं मीटर बगनारा फुकायचा, गॅसवाला सिलिंडर खांद्यावरनं उतरवायच्या आदी फुकायचा. एकदा मतं मागायला एक उमेदवार आलता, मागं वीस मानसं. बाईंनी त्याच्याबी तोंडात नळी दिली. काटा जागचा हलंना. बाई म्हनाल्या, "एवढ्या दमावर पाच वर्षं कशी काढणार?" मागल्या वीस जनांनी हसू दाबलं, आन् दाबून दाबून त्यातल्या दोघांना खोकला आला. बाईंनी त्यांनाबी फुकायला लावलं.

लोकांच्या घरात सैपाकघराच्या भितीवर पोरांच्या उंचीच्या रेघा असत्यात. बाईंच्या भितीवर दमाच्या रेघा व्हत्या. दूध एवडं, गॅस एवडा, मीटर एवडं.

माजी पैली रेघ एकशेऐंशीची. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत आकडा बगितला. "हे तुझं आहे, का तुझ्या बकरीचं?"

मी म्हनलं, "बाई, मी दम्याचं औषद घेतोय की."

"कुठलं?"

मी खिशातनं पुडी काडली. कामशेतच्या बाजारात एक जन बसायचा, त्याच्याकडची. घेतली का दुसऱ्या दिवशी दम गायब. भूक तर अशी लागायची, का मी सात भाकरी खाऊन बायकूच्या ताटाकडं बगायचो. तोंड पुनवंच्या चंद्रासारकं गोल झालतं. गावात लोक म्हनायचे, तब्येत लय सुदारली, बंगल्यावरचं अन्न लागलं. मीबी मिश्या पिळत हिंडत व्हतो.

बाईंनी पुडी बोटावर घेतली, जिबंच्या टोकाला लावली आन् थू केलं. "यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटल्यात. किती, ते त्या पुडीवाल्यालाही ठाऊक नसेल."

मी म्हनलं, "मंग आजपासनं बंद."

"खबरदार एकदम बंद करशील तर. आडवा होशील." आन् बाईंनी मला तसाच चिखलाच्या पायांनी रिक्षात घातला आन् डाक्टरकडं नेला. साखर वाडलेली निगाली, बीपी वाडलेलं निगालं. डाक्टरनी थोडं थोडं करत ते औषद सोडवलं, लय दिवस लागलं. आन् दम्याचे दोन पंप लिवून दिलं, एक निळा, एक तपकिरी.

आमच्याकडं पंप लागला म्हंजे मानूस शेवटाला आला असं समजत्यात. बायकू तर रडायलाच लागली. त्यात तिनं डबीतली चिठ्ठी वाचली, तपकिरी पंपात स्टेरॉइड हाय. म्या बाईंना गाठलं. "बाई, पुडीतबी तेच आन् पंपातबी तेच? मंग पुडीवाल्यानं काय घोडं मारलं?"

बाई म्हनाल्या, "तुझ्या वडिवळ्याला धरण आहे ना? मिरचीच्या एका रोपाला पाणी द्यायचं तर आख्खं धरण सोडतोस का?"

"न्हाई. तांब्यानं घालतो."

"पुडी म्हणजे धरण. ते सगळ्या अंगात हिंडतं, जिथं काम नाही तिथंही शिरतं. पंप म्हणजे तांब्या. थेट छातीत. चिमूटभर पुरतं."

मला हे लय पटलं. एवडं पटलं, का म्या त्याच सांजंला तपकिरी पंप काडला, सदऱ्याची बटनं सोडली आन् थेट छातीवर दोन फवारे मारले. वरनं चोळलंबी.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं तर बाई खाली बसल्या. हसून हसून त्यांनाच दम लागाय लागला. मंग त्यांनी थंड पेयाची रिकामी बाटली घेतली, बुडाला तापल्या सुरीनं भोक पाडलं, भोकात पंप बसवला आन् बाटलीचं तोंड माज्या तोंडात दिलं. "दाब. आता सावकाश ओढ. धर. दहा मोज."

म्हनलं, "बाई, दहापर्यंत येत न्हाई."

"मग पाच दोनदा मोज."

दुकानात त्या कामाची तयार नळी मिळती, पन बाईंचा जीव त्या बाटलीवरच. नुसता पंप तोंडात मारला का निम्मं औषद जिबंवर आन् घशात बसतं, बाटलीतनं मारलं का छातीत उतरतं, हे त्यांनी सोतावर, माज्यावर आन् दूधवाल्याच्या आईवर करून बगितलेलं. बाईंचं समदं बोलनं ह्याच्यावर. कुटलं औषद किती लवकर चालतं, किती येळ टिकतं, आन् अंगाला काय तरास देतं. दोन बायका दोन सुनांच्या गोष्टी कराव्यात तशा बाई दोन पंपांच्या गोष्टी करायच्या.

माजी बायकू एकदा बंगल्यावर आलती. तिला बाईंनी समजून सांगितलं, "हे बघ, निळा पंप म्हणजे जावई. आला की घर जागं होतं, सगळे पळतात, हातपाय थरथरतात, छाती धडधडते. आणि चार तासांत जातो निघून. घरातलं काही दुरुस्त करत नाही. तपकिरी म्हणजे सून. पहाटे उठून काम करते. पहिले पंधरा दिवस कुणाला वाटतसुद्धा नाही की ती काही करते. एक दिवस माहेरी गेली की कळतं."

बायकू वाटंनं म्हनाली, "लगीन न करता बाईंना समदं कसं काय कळतं वो?"

पन मला खरं सांगू का, मला जावईच आवडायचा. निळा मारला का दोन मिंटात छातीची दारं सताड उगडायची. हात असे थरथरायचे, का चाची कपबशी आपसूक वाजायची. निळा मारून मिरची लावली तर सऱ्या नागमोडी गेल्या. एकदा छाती एवडी धडधडाय लागली, का मला वाटलं आपलं कुनावर तरी मन बसलं. लगनातबी एवडी धडधडली न्हवती. बायकूला सांगितलं, तर म्हनाली, "बाईंना इचारा, उतरतंय का."

आन् तपकिरी? तो मारा न्हाईतर नका मारू, काय कळायचंच न्हाई. ना थरथर, ना धडधड. म्या ठरवलं, हे बिनकामाचं. पन बाई सकाळ-सांज समोर हुबं करून मारायला लावायच्या, वर त्याचा जाच केवडा. मारल्यावर चूळ भरायची, घशापर्यंत पानी नेऊन गुळन्या करायच्या. मी नळ सोडायचो आन् तोंडानं नुसता गुळगुळ आवाज काडायचो. बाईंना ऐकू गेलं म्हंजे झालं.

पंदरा दिवसांनी आवाज बसला. भजनात मी तोंड उगडलं तर पखवाजवाला म्हनाला, "कुनाचं म्हसरू शिरलं आत?" मंग जिबंवर पांडरे चट्टे आले. बायकूला वाटलं मी चोरून दही खातोय. दोन दिवस तिनं दह्याचं गाडगं लपवून ठिवलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी बॅटरी मारून माजा घसा बगितला. रागावल्या न्हाईत. उलट डोळं चमकलं. "हेच ते. बरोबर हेच. औषधाचा दोष नाही, चूळ न भरणाऱ्याचा दोष." आन् दारात आलेल्या गॅसवाल्याला माजं तोंड उगडून दाखवलं. त्या दिवसापासनं बाई नळापाशी हुब्या ऱ्हायच्या. गुळन्या त्या मोजायच्या, मी भरायचो.

आता जे सांगतो, ते सांगायची मला लाज वाटती.

माजा निळा पंप डाक्टरनी आडीनडीला दिलता. लागंल तवाच घ्यायचा, आन् लय येळा लागाय लागला तर येऊन सांगायचं. बाई रोज इचारायच्या, "निळा किती वेळा?" एकदा म्हनलं, पाच दोनदा. बाईंनी तिथल्या तिथं डाक्टरला फोन लावला. मंग मी खोटं बोलाय लागलो. माजा निळा कोनाड्यात तसाच ठिवला, बाईंना दिसाय. आन् बाईंचा सोताचा निळा व्हता सैपाकघराच्या खिडकीत, तो चोरून मारायचो. बाईंना तो वर्सातनं दोनदा लागायचा. सकाळी आल्यावर दोन, सांजंला जाताना दोन. पुडं पुडं तर दम लागलेला नसला तरी हौस म्हनून. त्या पंपाला आकडा न्हवता. हलवला का आत खुळखुळायचं, म्हनून म्या म्हनायचो, हाय अजून.

इकडं भितीवर माजी रेघ चडायला लागली. दोनशेवीस. दोनशेसत्तर. आन् आषाड लागला त्या दिवशी तीनशेचाळीस. बाईंनी टाळी वाजवली आन् दूधवाल्याला हाक मारून सांगितलं, "बघ, सुनेनं घर उभं केलं." मी मान डोलवली. मनात म्हनलं, बोला, बोला. हे तर तुमच्या जावयाचं काम हाय.

आषाडात आठ दिवस धुकं आन् पाऊस. बंगल्यात भितीला बुरशी, चपलंला बुरशी, मलाबी थोडी आली आसंल. मंग एका रइवारी सकाळी ऊन पडलं. बाई म्हनाल्या, "गाद्या मागच्या बाजूला नेऊन झटक." मागं म्हंजे बागंच्या पलीकडं. मी आळस केला. ऊन फुडंच झक पडलंय की, म्हनून समद्या गाद्या व्हरांड्याच्या कठड्यावर टाकल्या, आन् काठी घेऊन अशा झोडपल्या का जनू पुडीवालाच गावलाय. बुरशीचा हिरवा धुरळा उटला आन् सरळ बाईंच्या खिडकीत गेला.

थोड्या येळानं काय तरी पडल्याचा आवाज आला. आत गेलो. बाई ओट्याला धरून वाकलेल्या. गळ्याच्या शिरा वर आलेल्या, ओठ निळं. बोलायचं तर एका श्वासाला एक शबूद. "खिडकी... तला... दे."

म्या पंप दिला. त्यांनी बाटलीला लावला, दाबला. फुस्स. परत दाबला. फुस्स. बाईंनी पंप नाकापाशी नेला आन् माज्याकडं बगितलं.

"बाई, माजा देतो," म्हनत कोनाड्यात हात घातला, तर कोनाडा रिकामा. आदल्या दिवशी मेहुन्याला दाखवायला घरी नेलता, मिश्या पिळत, हा बग कसा फुल भरलेला हाय, मला लागतच न्हाई.

शेजारच्या बंगल्यातल्या काकूंना हाक मारून बाईंपाशी बसवलं. काकूंनी आंबुलन्सला फोन केला. पन रइवार, आन् त्यात ऊन पडलेलं. अख्खं पुनं आन् मुंबई भुशी धरनाच्या रस्त्याला लागलेली. खाली गाड्यांची रांग मुंगीलाबी वाट दीना. मी पळत सुटलो. उतारानं, गाड्यांच्या मदनं, कनसंवाल्याच्या शेगडीवरनं उडी मारून. एक जन काचंतनं वराडला, "काका, भुशीला किती वेळ लागेल?" मी म्हनलं, "हितंच ऱ्हावा आता."

मेडिकलवर ही गर्दी. कुनाला घाटात उलटीची गोळी पायजे, कुनाला पायाला चिकटपट्टी. मी समद्यांच्या वरनं हात घातला. "निळा पंप द्या. मानूस चाललाय."

मेडिकलवाल्यानं चार पंप फुडं टाकले. "यातला कुठला भाऊ? चारीत निळं आहे. नाव सांगा."

"नाव येत न्हाई."

"चिठ्ठी?"

"न्हाई."

"वाचा यातलं."

"ते तर मुळीच येत न्हाई." मी डोळं मिटलं आन् जे येत व्हतं ते सांगितलं. "ऐका. मारला का दोन मिंटात छाती मोकळी. हात थरथरत्यात. कपबशी वाजती. छाती धडधडती, मानसाला वाटतं प्रेमात पडलो. चार तासांनी समदं उतरतं. चूळ नाय भरली तरी जिबंला काय व्हत न्हाई."

मेडिकलवाल्यानं तीन पंप मागं सारले आन् एक माज्या मुठीत दिला. "हाच. पळा."

परत चड. त्यो तुंगार्लीचा चड म्हंजे रिक्षाबी पैल्या गेरात रडती. मी वर आलो, बाटलीला पंप लावला, हलवला, दाबला. बाईंनी ओढलं. एक. थांबलो. परत. दोन. बाईंनी बोटं वर केली, अजून. तीन. चार. जरा येळानं ओठांचा रंग फिरला. आन् बाईंच्या हातातला गिलास त्यांच्या बांगडीवर टनटन वाजाय लागला. तो आवाज ऐकून मी खाली बसलो आन् गाईसारका हंबरडा फोडला. काकूंना वाटलं बाई गेल्या.

आंबुलन्स आली दीड तासानं. बाईंना एक दिवस दवाखान्यात ठिवलं. दुसऱ्या दिवशी मी खाटंपाशी गेलो, हात जोडले. "बाई, तुमचा निळा म्याच संपवला. चोरून मारायचो."

बाईंच्या नाकात आक्सिजनची नळी. ती जरा सरकवून म्हनाल्या, "मागितला असतास तर मी दिला असता का?"

"न्हाई."

"म्हणून चोरलास. आणि मी खिडकीतला पंप न तपासता म्हातारी झाले." मला वाटलं, आता म्हनतील, उद्यापासनं येऊ नको. त्यांचं म्हननं रास्तच व्हतं. पन बाईंनी इचारलं, "कधीपासून मारत होतास?"

"अक्षयतृतीयेपासनं. रोज चार."

बाई बोटांवर मोजाय लागल्या. मोजता मोजता उटून बसल्या. नर्स धावत आली, तिला त्यांनी हातानं बाजूला सारलं. "अरे, त्यात दोनशे फवारे असतात. पन्नास दिवसांत संपला. म्हणजे गेले तीन आठवडे तू नुसती हवा ओढतोयस."

"न्हाई वो बाई, मला लय मोकळं वाटायचं."

"तीन आठवडे निळा बंद, आणि भिंतीवर तीनशेचाळीस." बाईंच्या डोळ्यांत तीच चमक. मराय टेकल्या व्हत्या हे त्या साफ इसरून गेल्या. "पेन्सिल आहे का कुणाकडं? सिस्टर, पेन्सिल द्या. हा गाढव सांगतो ते लिहून घ्यायला हवं."

आपल्याला माफी झाली म्हनून माजी छाती फुगली. म्हनलं, आता आपलंबी कवतिक व्हऊ द्या. "पन बाई, एक सांगा. काल तुमच्यासाटी मी कसा पळालो? खाली आन् वर, त्यो चड, एकदाबी न थांबता. ह्या वयात कुनी पळंल का?"

बाईंनी लिवता लिवता मानसुदा वर केली न्हाई.

"पळाला तो तपकिरी. तुझे नुसते पाय होते."